पांगबोचेत वरची वाट धरा
एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर तेंगबोचेनंतर पांगबोचे लागतं. बहुतेक जण खालच्या वस्तीत चहा घेऊन पुढे सटकतात. तुम्ही वरच्या वस्तीत चढा. खुंबूतली (एव्हरेस्टच्या पायथ्याचा भाग) सर्वांत जुनी मानली जाणारी गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, तिथेच आहे. (तिथला तथाकथित यतीचा (हिममानवाचा) पंजा १९९१ मध्ये चोरीला गेला, त्याच्या आशेवर जाऊ नका!) दाराला कुलूप दिसलं तर लगेच माघारी फिरू नका, जवळच्या लॉजमध्ये किल्ली कुणाकडे असते ते विचारा. दानपेटीसाठी नेपाळी रुपये वाटेत आधी लागणाऱ्या नामचे गावातच सुट्टे करून घ्या. बूट बाहेर काढावे लागतात आणि जवळपास ४००० मीटरवर आतली जमीन पायाला अक्षरशः चावते, तेव्हा जाड मोजे हवेतच. वाटेतली मणी भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत) उजव्या हाताला ठेवून चाला.