केएमएसची पिशवी उघडण्याआधी : फळप्रक्रियेत नव्याने येणाऱ्यांसाठी

केएमएस, म्हणजे रस-सरबत टिकवायला घालायचं प्रिझर्वेटिव्ह, किती टाकायचं, हा प्रश्न फळप्रक्रियेत नव्याने आलेला जवळपास प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात विचारतो. उत्तरही लगेच मिळतं : स्क्वॅशला किलोमागे सहाशे-सातशे मिलिग्रॅम. आकडा बरोबर आहे. पण तो आला कुठून हे समजून घेतलं नाही, तर माणूस वर्षानुवर्षं नुसतं वजनच करत राहतो. मी आधी कोकणात फळप्रक्रियेच्या युनिटमध्ये आणि पुढे नाशिककडे वाईनच्या लॅबमध्ये काम केलं. दोन्हीकडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली : काट्यावर जेवढं मोजलं, तेवढं बाटलीत कामाला लागत नाही. नवीन मुलामुलींना मला सांगायचंय ते एवढंच, आणि त्यासाठीच हा सगळा प्रपंच.

केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाईट. पांढरी, खडेदार पावडर. डब्याचं झाकण काढलं की नाकात झोंबणारा गंधकाचा वास येतो. तो वास सल्फर डायऑक्साईडचा, आणि आपल्याला हवा असतो तोही तोच. पावडर ही फक्त तो वायू वाहून आणण्याची सोय. हिशोब केला तर शुद्ध केएमएसमध्ये वजनाच्या ५७.६ टक्के सल्फर डायऑक्साईड बसतो, त्याच्या सोडियमवाल्या भावंडात, म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाईट किंवा एसएमबीएसमध्ये, ६७.४ टक्के. प्रत्यक्षात पिशवीत तेवढा कधीच नसतो. दमट हवा लागली की पावडर हळूहळू वायू सोडते, उरलेल्याचं ऑक्सिडेशन होऊन सल्फेट होतं, आणि सल्फेट काहीच काम करत नाही. म्हणून शॉप फ्लोअरवर निम्मा धरतात. आता गणित करून बघा. शंभर किलो स्क्वॅशला ३५० पीपीएम, म्हणजे किलोमागे ३५० मिलिग्रॅम, हवं असेल तर लागतो ३५ ग्रॅम सल्फर डायऑक्साईड. पावडरीत तो निम्मा धरला तर झाले ७० ग्रॅम. किलोमागचे सातशे मिलिग्रॅम ते हेच. आणि हीच पिशवी कोकणातल्या पावसाळ्यात तोंड उघडं ठेवून पडली, तिचा अ‍ॅसे, म्हणजे मोजून आलेला सल्फर डायऑक्साईडचा वाटा, चाळीस टक्क्यांवर आला, तर तेच ७० ग्रॅम टाकून हातात येतात फक्त २८० पीपीएम. बॅच कार्डवर मात्र सगळं नियमाप्रमाणे दिसतं.

त्यामुळे नवीन लॉट आला की अ‍ॅसे करा, आणि जुन्या उघड्या पिशवीचा तर नक्कीच करा. पद्धत सोपी आहे. सुमारे ०.२ ग्रॅम पावडर अचूक वजन करून घ्यायची, ५० मिली ०.१ नॉर्मल आयोडीनमध्ये टाकायची, थोडं आम्ल घालायचं आणि उरलेलं आयोडीन थायोसल्फेटने टायट्रेट करायचं, म्हणजे ते थेंबाथेंबाने घालून किती लागलं ते मोजायचं. खर्ची पडलेल्या आयोडीनच्या प्रत्येक मिलीला ३.२ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साईड. इथे हाताची एक सवय फार महत्त्वाची : पावडर थेट आयोडीनच्या द्रावणात पडली पाहिजे. आधी पाण्यात विरघळवून, त्यात आम्ल टाकून मग आयोडीन घालत बसलात, तर मधल्या वेळात वायू उडून जातो आणि चांगल्या पिशवीलाही तुम्ही नापास करता. फ्लास्कला बूच लावा, हलवा, खडे पूर्ण विरघळू द्या. खडा तळाशी राहिला तरी आकडा चुकतो.

आता पीएच. मला विचाराल तर या रसायनाचा अर्धा अभ्यास पीएच मीटरपाशीच होतो. पाण्यात गेल्यावर सल्फर डायऑक्साईड तीन रूपांत वाटला जातो : अखंड रेणू, बायसल्फाईट आणि सल्फाईट. यीस्ट, बुरशी, बॅक्टेरिया यांच्या पेशीत शिरतो तो अखंड रेणू, बाकीची दोन रूपं जवळपास बाहेरच राहतात. त्या रेणूचा वाटा पीएच ३ ला सुमारे ६ टक्के असतो, ३.५ ला २ टक्के आणि ४ ला तर एक टक्काही नाही. म्हणजे लिंबाच्या स्क्वॅशमध्ये जो डोस भक्कम ठरतो, तोच पिकलेल्या आंब्याच्या गरात, आम्लता न वाढवता टाकला, तर तोकडा पडतो. रेसिपीतलं सायट्रिक अ‍ॅसिड फक्त चवीसाठी आहे असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या, पण मानू नका. वाईनवाल्यांना हे आधीपासून ठाऊक आहे. ते एकूण पीपीएमवर बोलतच नाहीत. व्हाईट वाईन सुरक्षित राहावी म्हणून लिटरला साधारण ०.८ मिलिग्रॅम मॉलिक्युलर एसओटू, म्हणजे सल्फर डायऑक्साईडचा अखंड रेणू, धरतात आणि पीएच बघून उलटा हिशोब करतात. हीच शिस्त सरबत, स्क्वॅशवाल्यांनी उचलली तर केएमएस कमी लागेल आणि फसफसून परत येणाऱ्या बाटल्याही कमी होतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गळती असते. टाकलेल्यापैकी बराचसा सल्फर डायऑक्साईड अ‍ॅसिटाल्डिहाईड आणि ग्लुकोजसारख्या साखरांना चिकटतो. हा झाला 'बाउंड' भाग. मोजणीत तो येतो, कायद्याच्या मर्यादेतही धरला जातो, पण जंतूंविरुद्ध त्याचा उपयोग नगण्य. उरलेला 'फ्री'. नासायला लागलेल्या फळांत यीस्टने आधीच अ‍ॅसिटाल्डिहाईड तयार करून ठेवलेलं असतं, त्यामुळे अशा फळांचा रस केएमएस नुसता गिळतो. गेटवर आलेला माल निवडणाऱ्या बायका खराब फळ बाजूला काढतात, तेव्हा त्या तुमच्या प्रिझर्वेटिव्हचीच राखण करत असतात. सॉर्टिंगच्या टेबलापाशी रोज थोडा वेळ उभे राहा. लॅबमध्ये बसून हे कळत नाही.

फ्री आणि टोटल मोजायला बहुतेक ठिकाणी रिपर पद्धत वापरतात. आयोडीन टायट्रेशन, स्टार्च इंडिकेटर, शेवटी निळा रंग. एन/६४ आयोडीन घेतलं तर एका मिलीला नेमका अर्धा मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साईड, म्हणून हिशोब तोंडी होतो. टोटलसाठी आधी नमुन्यात कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साईड) घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, म्हणजे बाउंड भाग सुटतो, मग आम्ल घालून लगेच टायट्रेट करायचं. यातला सापळा सांगतो. आयोडीन व्हिटॅमिन सीशीही जुळतं. आवळ्याच्या रसात ते भरपूर असतं, त्यामुळे सरळ रिपर केलं तर केएमएस न टाकलेल्या आवळा रसातही झकास आकडा येतो. उपाय असा की दुसरा नमुना घेऊन त्यात फॉर्मल्डिहाईड घालायचं. ते सल्फर डायऑक्साईडला बांधून ठेवतं. मग जे आयोडीन लागेल ते बाकीच्यांचं, ते वजा करायचं. करवंद किंवा जांभळासारख्या गडद रसात तर निळा रंग कधी आला तेच दिसत नाही. तिथे मोनियर-विल्यम्स पद्धतच हवी : नमुना हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये उकळायचा, नायट्रोजनच्या झोताने वायू हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये न्यायचा आणि तयार झालेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड टायट्रेट करायचं. वेळखाऊ आहे, पण रंगाचा प्रश्न राहत नाही. हिलाही एक मर्यादा आहे. कांदा आणि लसूण यांच्यातली गंधकाची संयुगं उकळताना सुटतात आणि सल्फाईट नसतानाही आकडा दाखवतात. निर्जलित कांद्याच्या कारखान्यात नोकरी लागली तर हे पहिल्याच दिवशी लक्षात ठेवा. खरेदीदाराच्या लॅबशी वाद होतो तो बहुधा इथेच.

फळाच्या रंगाशी केएमएसचं नातं दुहेरी आहे. चिरलेलं सफरचंद, बटाट्याच्या चकत्या, सुकवायचा आंबा काळा पडतो तो पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या एन्झाईममुळे, आणि सल्फाईट त्याला आवरतं. कोळंबीवर येणारे काळे डाग रोखायला एसएमबीएसच्या पाण्यात बुडवतात तेही याच कारणाने. पण कोकम, जांभूळ, स्ट्रॉबेरी, डाळिंब यांचा लाल-जांभळा रंग अँथोसायनिनचा, आणि सल्फर डायऑक्साईड तो रंग उडवतो. म्हणून लाल सरबतांना सोडियम बेंझोएट आणि पिवळ्या-पांढऱ्यांना केएमएस, अशी जुनी विभागणी आहे. १९५५ च्या एफपीओमध्ये, म्हणजे फळ उत्पादनांच्या सरकारी आदेशात, स्क्वॅशला सल्फर डायऑक्साईड ३५० पीपीएम किंवा बेंझोइक अ‍ॅसिड ६०० पीपीएम अशी मर्यादा होती. पाठ्यपुस्तकांत अजून तेच आकडे फिरतात. तुम्ही मात्र एफएसएसएआयच्या (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०११ च्या अ‍ॅडिटिव्ह नियमांचा सुधारित तक्ता उघडून, आपल्या पदार्थाचा वर्ग शोधून, तिथला आकडा घ्या. सिनियर सांगतात म्हणून घेऊ नका, आणि मी सांगतो म्हणूनही नाही.

टाकण्याची वेळ सर्वात शेवटची. पाक गार झाल्यावर, थोड्या रसात किंवा पाण्यात केएमएस पूर्ण विरघळवून, ढवळत. गरम पाकात टाकलं तर वायू वाफेबरोबर निघून जातो आणि ढवळणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. केएमएस घातलेला माल पत्र्याच्या डब्यात भरू नका. धातूच्या संपर्कात त्यातून हायड्रोजन सल्फाईड तयार होतो, डबा आतून काळा पडतो, घाण वास येतो. काच किंवा फूड ग्रेड प्लास्टिक. साठवणीच्या टाकीत द्रवाच्या वरच्या मोकळ्या जागेत वायू साचतो आणि ३०४ स्टीलवर हळूहळू खड्डे पाडतो, म्हणून तिथे ३१६ बरं.

हे सगळं शिकलात तर दारं किती उघडतात ते बघा. नाशिकच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये पेटीत घडांवर जो ग्रेपगार्डचा कागद ठेवतात, त्यात एसएमबीएसच असतं. पेटीतल्या ओलाव्याने तो वायू सोडतो आणि युरोपपर्यंतच्या समुद्रप्रवासात करड्या बुरशीला थोपवतो. प्रीकूलिंग नीट झालं नाही, पेटीत पाणी सुटलं, तर वायू एकदम सुटतो आणि मण्यांवर देठाकडून पांढरे चट्टे पडतात. तासगाव-सांगलीकडे बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तिथेही अवशेष मोजणारा लागतोच. साखर कारखान्यात गंधक जाळून रसाचं आणि सिरपचं सल्फिटेशन करतात. आणि खाण्याच्या बाहेरही हेच रसायन आहे. प्लेटिंगच्या ईटीपीमध्ये, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्लांटमध्ये, पीएच २ ते ३ वर आणून एसएमबीएस सोडलं की सहासंयुजी क्रोमियमचं पिवळट-नारिंगी पाणी डोळ्यांदेखत हिरवं होतं, मग चुन्याने क्रोमियम खाली बसवतात. आरओ प्लांटमध्ये मेम्ब्रेनला क्लोरीन लागू नये म्हणून आधी एसएमबीएसचा डोस देतात. बिस्किटाच्या कणकेत ग्लुटेन सैल करायला ते वापरतात, आणि मक्यापासून स्टार्च काढताना दाणे सल्फर डायऑक्साईडच्या पाण्यातच भिजवतात. चाकणच्या ईटीपीत मुलाखतीला बसलेल्या फूड टेक्नॉलॉजीच्या मुलीने रिपर पद्धत नीट सांगितली, तर ती तिथेही परकी ठरत नाही.

सुरक्षेचं मी हलकं घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. सल्फर डायऑक्साईड हवेपेक्षा दुपटीहून जड आहे, त्यामुळे टाकीच्या तळाशी, खड्ड्यात साचतो. टाकीत उतरण्याआधी हवा मोजायची आणि बाहेर माणूस उभा ठेवायचा. कापडी किंवा धुळीचा मास्क वायू अडवत नाही, आम्लवायूंचं कार्ट्रिज असलेलाच हवा. केएमएस आम्लाजवळ ठेवायचं नाही, ब्लीचिंग पावडरीजवळही नाही. आणि तुम्हाला दमा असेल तर रुजू होतानाच सांगा. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाईटने अटॅक येऊ शकतो. ही भीती उगाच घातलेली नाही : अमेरिकेत सॅलड बारवरच्या कच्च्या भाज्या-फळांवर सल्फाईट मारायला १९८६ साली बंदी आली ती याच तक्रारींमुळे.

गिऱ्हाइकाच्या बाजूनेही हेच लागू आहे. अ‍ॅडिटिव्ह तपासणाऱ्या जेईसीएफए या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेली सल्फर डायऑक्साईडची रोजची मर्यादा शरीराच्या किलोमागे ०.७ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ४२ मिलिग्रॅम. ३५० पीपीएमच्या स्क्वॅशचे पन्नास ग्रॅम पाण्यात घातले तर पेल्यात साडेसतरा मिलिग्रॅम येतात. मोठ्या माणसाला चालतं. वीस किलोच्या मुलाची मर्यादा मात्र १४. त्याने एक पेला प्यायला की ती ओलांडली. म्हणून 'मर्यादेत आहे ना' एवढ्यावर थांबू नका, कमीत कमी किती लागतं ते शोधा. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाईट असेल तर लेबलवर अ‍ॅलर्जन म्हणून लिहावं लागतं. बचत गटांच्या बाटल्यांवर हे बऱ्याचदा राहून गेलेलं दिसतं, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या गावात असा गट असेल तर एक दुपार काढून जा. त्यांच्या पिशवीचा अ‍ॅसे करून द्या, पीएच बघा, आणि लेबलवर अ‍ॅडिटिव्हचा क्रमांक २२४ आणि 'सल्फाईट आहे' ही ओळ कुठे छापायची ते दाखवा.