अझाइड लिहिताना-वाचताना होणाऱ्या चुका, या टाळा (आणि बीपीची गोळी फेकू नका)

मागे बारावीच्या बॅचला टेस्ट घेतली, सोडियम अझाइडचा फॉर्म्युला लिहा, एक मार्क. म्हटलं चला फुकटचा मार्क देऊ पोरांना, तर निम्म्यांनी 'एन-ए-३-एन' लिहून ठेवलं. अरे बाबांनो हे सोडियम नायट्राइड झालं, अझाइड म्हणजे 'एन-ए-एन-३' ('एन-ए' म्हणजे सोडियम, नुसता 'एन' म्हणजे नायट्रोजन). दोन्हीत तीच अक्षरं, तोच तीनचा आकडा, फक्त जागा बदलली आणि पदार्थच वेगळा झाला.

ही चूक का होते ते मी फळ्यावर बघितलंय. नायट्राइडमध्ये नायट्रोजन एकच आणि त्याच्यावर मायनस तीन चार्ज, म्हणजे तीन वर लिहायचा. अझाइडमध्ये नायट्रोजन तीन आणि सगळ्यांचा मिळून चार्ज मायनस एक, म्हणजे तीन खाली. घाईत लिहिलं की वरचा तीन आणि खालचा तीन एकाच उंचीवर येतो आणि मग पुढच्या ओळीत पोरगं स्वतःचंच अक्षर चुकीचं वाचतं. यावर उपाय साधा आहे, सोडियम मोजा. सोडियम प्लस एकच असतो, त्यामुळे एकच सोडियम लागला तर अझाइड, तीन लागले तर नायट्राइड.

याच्याच पोटात दुसरी चूक, ऑक्सिडेशन नंबर, म्हणजे एका अणूच्या वाट्याला किती चार्ज धरायचा तो आकडा. अझाइडमध्ये नायट्रोजनचा सरासरी नंबर मायनस एक तृतीयांश येतो आणि अपूर्णांक आला की पोरं घाबरून खोडतात! खोडू नका, बरोबर आहे ते. तीन नायट्रोजन एका सरळ रेषेत असतात (त्रिकोण काढू नका, दर वर्षी कुणीतरी काढतंच), मधल्यावर प्लस एक, दोन टोकांवर मायनस एक एक असं दाखवतात, बेरीज मायनस एक, ती तिघांत वाटली की झाला अपूर्णांक.

आता नावाचा घोळ. फ्रेंच केमिस्ट लव्हाजिएने नायट्रोजनला 'अझोट' म्हटलं, ग्रीकमधून, जीवन नसलेला अशा अर्थाने, कारण नुसत्या नायट्रोजनमध्ये प्राणी जगत नाही. फ्रेंच लोक अजून अझोटच म्हणतात. त्यामुळे नावात 'अझ' दिसलं की कुठेतरी नायट्रोजन आहे एवढंच कळतं, किती आणि कसे जोडलेत ते नाही कळत. अझो म्हणजे दोन नायट्रोजन डबल बाँडने जोडलेले, मिथाइल ऑरेंज आणि कपड्यांचे कितीतरी रंग त्यातले. अझाइड म्हणजे ओळीत तीन. अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या मोठ्या रिंगमध्ये एक नायट्रोजन बसवलाय म्हणून ते 'अझि', बाकी अझाइडशी संबंध शून्य.

आणि बीपीची गोळी! आमच्या एका काकूंनी गोळीच्या पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड वाचलं, नातू नेमका केमिस्ट्रीवाला, त्याने सांगितलं की अझाइड स्फोटक असतं, झालं, काकूंनी दोन दिवस गोळीच घेतली नाही. त्यातली गंमत म्हणजे या औषधाच्या फॉर्म्युल्यात खरंच 'एन-३' लिहिलेलं असतं, पण ते तीन नायट्रोजन एकमेकांना जोडलेलेच नाहीत, वेगवेगळ्या जागी बसलेत. फॉर्म्युला फक्त डोकी मोजतो, कोण कुणाच्या शेजारी बसलंय ते स्ट्रक्चर बघूनच कळतं. डायबेटिसचं ग्लिक्लाझाइडही, नाव तसं संपतं म्हणून अझाइड होत नाही.

उलट झिडोव्हुडिन, म्हणजे एझेडटी, १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालेलं एचआयव्हीवरचं पहिलं औषध, त्यात खरोखरचा अझाइड ग्रुप आहे आणि लोक ती गोळी रोज गिळतात. म्हणून 'अझाइड म्हणजे स्फोटक' हेही अर्धवटच. नायट्रोजन-नायट्रोजन ट्रिपल बाँड फार मजबूत, तोडायला मोलमागे साधारण ९४५ किलोज्यूल लागतात, त्यामुळे अझाइडला नायट्रोजन वायू होऊन सुटायची घाई असते हे खरं, पण किती घाई ते तो ग्रुप कुणाला चिकटलाय त्यावर ठरतं. लेड अझाइड (लेड म्हणजे शिसं) धक्क्याने उडतं, स्फोट सुरू करणाऱ्या डेटोनेटरमध्ये जातं. सोडियम अझाइड त्यामानाने शांत, ३०० अंशांच्या आसपास तापवलं की सोडियम आणि नायट्रोजन देतं, जुन्या एअरबॅग याच नायट्रोजनवर फुगायच्या. एझेडटीत एवढा मोठा रेणू आहे की तीन नायट्रोजनांचा जोर त्यात विरून जातो.

तसंच प्रत्येक स्फोटक नायट्रोजन कंपाउंडला अझाइड म्हणू नका. टीएनटी नायट्रो, नायट्रोग्लिसरीन नावात नायट्रो असूनही खरं तर नायट्रेट एस्टर, मर्क्युरी फल्मिनेटमध्ये तर कार्बन आणि ऑक्सिजनही आले. आणि व्हॉइस टायपिंगवर विश्वास ठेवू नका, 'लेड अझाइड' बोललं की 'लेड ॲसिड' उमटतं, मग वाचणाऱ्याला वाटतं इन्व्हर्टरच्या बॅटरीचं चाललंय.

शेवटची चूक पेपरातली नाही, बेसिनमधली आहे. पॅथॉलॉजी आणि बायो लॅबच्या रिएजंट बाटल्यांवर बारीक अक्षरात '०.०९ टक्के सोडियम अझाइड' असं काहीतरी असतं, जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं. एवढंसं तर आहे म्हणून लोक रोज बेसिनमध्ये ओततात. पाइप तांब्याचा किंवा शिशाचा असेल तर आत हळूहळू कॉपर किंवा लेड अझाइडचा थर बसतो, १९७० च्या दशकात अमेरिकेत असे ड्रेन दुरुस्त करताना स्फोट झालेत. ॲसिड ओतलं तर हायड्राझोइक ॲसिडची विषारी वाफ येते ते वेगळंच, आणि मुळात सोडियम अझाइड पोटात गेलं तर सायनाइडसारखं पेशींचा श्वास अडवतं. आमच्या ओळखीच्या एका टेक्निशियनने लेबल वाचल्यापासून बेसिनच्या बाजूला झाकणाचा प्लास्टिकचा कॅन ठेवलाय, वर मार्करने 'अझाइड, ॲसिड टाकू नये' लिहिलंय, भरला की केमिकल वेस्टवाला घेऊन जातो.