बस्तकिया बघायचं असेल तर सकाळी लवकर जा

दुबईत फिरायला गेलात ना, की सगळे आधी बुर्ज खलिफाला पळतात, पण बर दुबई या भागातलं अल फहिदी, म्हणजे पूर्वी बस्तकिया म्हणायचे ते जुन्या घरांचं ठिकाण, मिस करू नका, छोटंसंच आहे, दीड-दोन तासात आरामात होतं. इराणातल्या बस्तकहून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसवलं म्हणून ते नाव. 1980 च्या दशकात अर्धंअधिक पाडलं होतं, उरलेलं कसंबसं वाचलं.

सकाळी आठ-नऊलाच पोचा, गर्दी नसते आणि ऊनही बरं असतं. गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवल्यात, सावली पडावी म्हणून, तरी जून ते सप्टेंबर दुपारी घाम निथळतो. मान वर करून बरजील बघा, म्हणजे ते चौकोनी वारा पकडणारे मनोरे, कुठल्याही दिशेचा वारा आला तरी तो खाली खोलीत उतरतो, वीज नसताना हाच एसी. भिंतींना हात लावून बघा, समुद्रातलं प्रवाळ आणि जिप्सम वापरलंय. नकाशा बघत बसू नका, हरवलात तरी पाच मिनिटात खाडी नाहीतर मेन रोड लागतोच.

शुक्रवारी दुपारी शक्यतो टाळा, नमाजाच्या वेळी बरंच बंद असतं. आणि खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला, शेजारीच मशीद आहे.

नंतर खाडीच्या कडेने चालत अब्राच्या, म्हणजे लाकडी होडीच्या धक्क्यावर या, सुटा 1 दिरहम खिशात ठेवा, तेवढ्या पैशात होडीतून खाडीपलीकडच्या देरा भागात, मसाल्याच्या बाजाराजवळ. आमच्या आईला बुर्जपेक्षा हीच होडी जास्त आवडली, खरंच.