कॉलेजच्या गावात महिन्याच्या कार्यक्रमांची यादी कशी करावी

गेली ११ वर्षं, दर महिन्याच्या २० तारखेला, मी पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमांची यादी करायला बसते. कॉलेजच्या छोट्या गावात व्याख्यानं, नाटकं, चित्रांची प्रदर्शनं, विज्ञानाची प्रात्यक्षिकं यांना तोटा नसतो. अडतं ते खबर पोचण्यात. विद्यार्थ्यांना वर्गात कळतं, प्राध्यापकांना ईमेल जाते, आणि कॉलेजच्या फाटकाबाहेर राहणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगतं, ‘अहो, काल यायला हवं होतंत.’ यादी या माणसासाठी करायची आहे, हे आधी मनाशी पक्कं करा. पुढचे निम्मे प्रश्न त्यातूनच सुटतात.

पहिलं काम म्हणजे कॉलेजचं शैक्षणिक वेळापत्रक मिळवायचं. सत्र कधी सुरू होतं, परीक्षा कधी, सुट्टी कधी, हे एका मोठ्या कॅलेंडरवर रंगीत पेन्सिलीनं मांडा. कार्यक्रमांची खरी दाटी सत्राच्या मधल्या आठवड्यांत होते. परीक्षा जवळ आल्या की सभागृहं रिकामी पडतात, आणि सुट्टीत वाचनालय, गावातली मंडळं, हौशी गट यांची पाळी येते. सुट्टीच्या महिन्यात यादी छोटी होणारच, पण ती बंद करू नका. गावातच राहणाऱ्यांना तेव्हाच तिची जास्त गरज असते.

त्याच कॅलेंडरवर जगभर पाळले जाणारे दिवस टिपून ठेवा. २१ मार्चला कविता दिन, २७ मार्चला रंगभूमी दिन (१९६२ पासून), २३ एप्रिलला पुस्तक दिन, १८ मेला संग्रहालय दिन, २१ जूनला संगीत दिन. ४ ते १० ऑक्टोबर हा अंतराळ सप्ताह. ४ ऑक्टोबर १९५७ला पहिला कृत्रिम उपग्रह सुटला आणि १० ऑक्टोबर १९६७ला अंतराळ करार लागू झाला, म्हणून हे दोन दिवस त्याची दोन टोकं. असा दिवस जवळ आला की महिनाभर आधी त्या त्या विभागाला विचारा, ‘यंदा काही करताय का?’ माझा अनुभव असा की कित्येकदा तोवर काहीच ठरलेलं नसतं, आणि कोणीतरी विचारलं म्हणून ठरतं.

आता विचारायचं कुणाला? विभागप्रमुखांना जरूर विचारा, पण यादीत ओळ घालण्याआधी सभागृहाची नोंदवही ज्यांच्याकडे असते त्यांच्याशी बोला. ज्या कार्यक्रमाची तिथे नोंद नाही तो कार्यक्रम अजून ठरलेला नाही, असंच मी धरते. याच वहीत एकाच संध्याकाळचे दोन कार्यक्रमही दिसतात. नाट्यगटाचा प्रयोग आणि इतिहास विभागाचं व्याख्यान एकाच वेळी असेल तर दोघांनाही लगेच कळवा. २० तारखेला कळलं तर एकजण तारीख हलवू शकतो. पत्रिका छापून झाल्यावर कोणी हलवत नाही.

तारखांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण चुका बहुतेक इथेच होतात आणि आपल्या बोलण्याच्या सवयीमुळेच होतात. ‘येत्या शनिवारी’ असं भिंतीवर लावलेलं पत्रक तीन आठवडे तसंच राहतं आणि दर आठवड्याला नवा शनिवार दाखवतं. ‘परवा’ हा शब्द मागचाही असतो आणि पुढचाही. आणि सगळ्यात फसवं म्हणजे ‘पंधरा दिवसांनी’. आपण दोन आठवड्यांना पंधरा दिवस म्हणतो आणि एका आठवड्याला आठ, पण दोन आठवड्यांचे दिवस मोजले तर १४च भरतात.

एका गटाच्या कार्यवाहांनी शनिवारी मला फोनवर सांगितलं, ‘पंधरा दिवसांनी आमचं कवितावाचन.’ मी बोटांवर १५ मोजले आणि रविवार छापला. त्या रविवारी सायंकाळी मी सहज तिकडे गेले. दाराला कुलूप होतं. आदल्या दिवशीच्या पत्रकाचा एक कोपरा सुटून वाऱ्यानं फडफडत होता. पायरीवर एक वयस्कर गृहस्थ उभे होते, हातात माझी यादी, चार घड्या घातलेली. त्यांनी ती उलगडली, त्या ओळीखाली बोट ठेवलं आणि मला विचारलं, ‘हेच ना ते ठिकाण?’ मला काही बोलता येईना. त्या दिवसापासून ऐकीव तारीख मी यादीत घातलेली नाही. समोरच्याकडून वार, तारीख आणि महिना, तिन्ही वदवून घेते आणि वार कॅलेंडरवर जुळतो का ते तिथल्या तिथे पाहते. वार आणि तारीख जुळली नाही तर दोन्हींतलं एक नक्की चुकलेलं असतं. म्हणून यादीतही दोन्ही छापायचे, म्हणजे वाचणाऱ्यालाही ताडून बघता येतं.

गेल्या वर्षीची यादी समोर ठेवून नवी करत असाल तर हे ध्यानात ठेवा: तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते, आणि मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन वार. ‘दुसरा आणि चौथा शनिवार’ म्हणजे ‘एक आड एक शनिवार’ नव्हे. एखाद्या महिन्यात पाच शनिवार आले की हे दोन हिशेब वेगळे होतात. वाचक मंडळाचं नेमकं कोणतं गणित आहे ते एकदा विचारून वहीत लिहून ठेवा. महिना अक्षरांत लिहा. ‘३/४’ म्हणजे काहींना ३ एप्रिल, तर दुसऱ्या देशातून शिकायला आलेल्या काहींना ४ मार्च वाटतो. संगणकातल्या फाइलींना नाव देताना मात्र आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवा (२०२६-०३-१४), म्हणजे त्या आपोआप ओळीनं लागतात. वेळेच्या बाबतीत ‘पावणेसहा’ ऐकलं की ‘म्हणजे ५:४५ ना?’ असं विचारून घ्या.

काही तारखांमागे कारण असतं, ते कळलं तर ओळ चांगली लिहिता येते. भौतिकशास्त्र विभाग दुर्बिणीतून चंद्र दाखवणार असेल तर दिवस बहुधा शुक्ल अष्टमीच्या आसपासचा असतो. तेव्हा चंद्रावर ऊन तिरकं पडतं, सावल्या लांब पडतात आणि विवरं उठून दिसतात. पौर्णिमेला चंद्र मोठा दिसतो, पण सपाट. त्यामुळे ढगांनी असा कार्यक्रम बुडाला तर पुढच्या आठवड्यात चंद्र तसा नसतो. एक-दोन दिवसांत जमलं तर ठीक, नाहीतर सुमारे साडेएकोणतीस दिवस थांबावं लागतं. म्हणून उघड्यावरच्या प्रत्येक कार्यक्रमासाठी पर्यायी तारीख आधीच मागून घ्या आणि त्याच ओळीत छापा.

आता ज्या दोन शब्दांसाठी मी ही यादी करते, त्यांच्याबद्दल. ‘सर्वांसाठी खुला.’ कॉलेजच्या पत्रकावर हे फार क्वचित लिहिलेलं असतं. आयोजकांना ते गृहीतच वाटतं. पण फाटकावरच्या रखवालदाराला ओळखपत्र नसलेल्या बाईनं काय सांगायचं? ती परतच जाते, आणि पुन्हा येत नाही. प्रत्येक आयोजकाला सरळ विचारा: बाहेरच्यांना येता येईल का? आधी नाव नोंदवायला हवं का? लहान मुलं चालतील का? फाटक कोणतं? उत्तर ‘हो’ असेल तर ते शब्द ओळीच्या सुरुवातीला ठळक छापा. ‘नाही’ असेल तर तो कार्यक्रम यादीत नको, कितीही मोठा पाहुणा असला तरी.

त्याच फोनवर आणखी एक प्रश्न विचारा: पायऱ्या किती? ‘रॅम्प आहे’ एवढ्यावर थांबू नका, एकदा स्वतः जाऊन पाहा. चाकाच्या खुर्चीसाठी चढ असा हवा की १ फूट उंचीला निदान १२ फूट लांबी मिळेल. त्याहून उभा असेल तर खुर्ची ढकलायला माणूस लागतो, हे यादीत लिहिलेलं बरं. पाठीमागच्या दारानं सपाट वाट असते पण दाराला कुलूप, असंही पाहिलं आहे. ते दार उघडं ठेवायला सांगा, आणि किल्ली कुणाकडे आहे ते विचारून ठेवा.

मांडणीत फार वेळ घालवू नका. तारखेच्या क्रमानं लावा, विभागवार नको. आधी वार-तारीख, मग वेळ, मग काय आहे, कोण बोलणार किंवा सादर करणार, कुठे, आणि शेवटी चौकशीसाठी आयोजकांचा नंबर, त्यांना विचारूनच. ‘भव्य’, ‘दिमाखदार’, ‘अविस्मरणीय’ हे शब्द काढून टाका. त्या जागेत विषय एका वाक्यात सांगा, तोही आयोजकांकडून समजून घेऊन. भिंतीवर लावायची प्रत ए-३ आकाराची आणि घरी न्यायची ए-४. झेरॉक्सच्या यंत्रावर ७१ टक्के केलं की तीच मांडणी नेमकी बसते. दहा फुटांवरून वाचता यायला हवं असेल तर मथळ्याचं अक्षर सुमारे एक इंच उंच ठेवा.

सिनेमाचा खेळ असेल तर जाहीर प्रदर्शनाची परवानगी घेतली आहे का, तेवढं विचारा. डीव्हीडी विकत घेतली म्हणजे ती परवानगी मिळत नाही.

यादी लागली की काम संपत नाही. दर सोमवारी त्या आठवड्याच्या प्रत्येक आयोजकाला एक फोन करा: ‘ठरल्याप्रमाणे आहे ना?’ रद्द झालं असेल तर फलकावरची ती ओळ खोडून शेजारी ‘रद्द’ असं हातानं लिहा. नुसती झाकू नका, कारण घरी नेलेल्या प्रतीत ती तशीच असते आणि तो माणूस फलकावर तीच ओळ शोधणार. मग ज्या दारावर कार्यक्रम होणार होता तिथेही एक कागद लावा, आणि त्यावर नवी तारीख, वारासकट.