फिरत्या स्टुडिओचा रॅक घेताना आधी मागची बाजू मोजा

इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारं यंत्र) घेतला, माइक जमवले, आता नागपूरबाहेर जाऊन रेकॉर्डिंग करायचं, असं ठरवलेली मुलं-मुली मला नेहमी एकच विचारतात: रॅक किती यूचा घेऊ? सहा, आठ की बारा? (रॅक म्हणजे यंत्रं स्क्रूने बसवून न्यायची पेटी, यू हे तिच्या उंचीचं माप.) माझं म्हणणं, हे नंतर ठरवा. आधी डेप्थ ठरवा, म्हणजे पुढच्या झाकणापासून मागच्या झाकणापर्यंत आत नेमकी किती जागा मिळते ते पाहा. या एका गोष्टीपायी माझा झाडीपट्टी नाटकांचा (पूर्व विदर्भातली रात्रभर चालणारी नाटकं) एक अख्खा सीझन त्रासात गेला, त्यामुळे तिच्यावर जरा जास्तच लिहिणार आहे.

यूचं गणित तुम्हाला येतंच. रॅक 19 इंची, पुढची पट्टी 482.6 मिलिमीटर, एक यू म्हणजे 44.45 मिलिमीटर. हे जगभर ठरलेलं आहे, म्हणून तिथे सहसा कोणी फसत नाही. डेप्थचं तसं नाही. प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळं, आणि माहितीपत्रकात छापलेला आकडा बहुतेक वेळा नुसत्या पेटीचा असतो. मागे जे काही खुपसायचं आहे, ते त्यात धरलेलं नसतं.

समजा, प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) 30 सेंटीमीटरचा आहे. मागे एक्सएलआर (माइकच्या केबलचा गोल प्लग) लावला की तो पाच-सहा सेंटीमीटर बाहेर येतो. तिथून केबलला वळायला जागा लागते आणि जाड मल्टिकोर (अनेक तारा एकत्र असलेली केबल) काही लगेच वळत नाही. म्हणजे मागे 10 सेंटीमीटर गेले. पुढे नॉब बाहेर आलेले असतात, झाकण त्यांच्यावर दाबलं जाऊ नये म्हणून आणखी तीन सोडा. थोडी मोकळीक धरली की 30 सेंटीमीटरच्या यंत्राला झाकण ते झाकण 45 सेंटीमीटर लागतात. आणि विकणारा जो आकडा सांगतो तो कित्येकदा केसचा बाहेरचा असतो, प्लायवुड आणि झाकणांसकट. म्हणून ‘डेप्थ किती’ असं विचारू नका. ‘पुढच्या रेलपासून मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंत किती’ आणि ‘रेलच्या पुढे झाकणापर्यंत किती’ असे दोन वेगळे प्रश्न विचारा. (रेल म्हणजे यंत्रं स्क्रूने बसवायच्या भोकांच्या उभ्या पट्ट्या.)

माझ्या रॅकमध्ये यंत्रं छान बसली होती, पण केबल लावलेल्या असताना मागचं झाकण बंद होईना. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत वडशाला पोचायचं, सगळ्या केबल पुन्हा लावायच्या, रात्रभर नाटक रेकॉर्ड करायचं आणि पहाटे अंधारात सगळं उपसून परत निघायचं. दर खेपेला हेच. रोजच्या काढघालीने सॉकेट सैल झाले आणि एका प्रयोगात ऑर्गनच्या चॅनलला खरखर आली. ते नाटक पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही. प्रेक्षक उठून गेलेले असतात, मंडळी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात असतात.

यावर उपाय सोपा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. सगळी यंत्रं घरी टेबलावर एकावर एक ठेवा, ज्या केबल खरंच वापरणार त्याच लावा, आणि पुढच्या नॉबच्या टोकापासून केबलच्या वळणापर्यंत टेप धरा. सगळ्यात मोठा आकडा येईल त्यात थोडी वाढ करा आणि मगच बाजारात जा. आणखी एक: मागेही रेल असलेला रॅक घ्या आणि तिथे एक यूचं कनेक्टर पॅनल लावा. आतल्या केबल एकदाच जोडायच्या, बाहेरची सगळी जोडणी त्या पॅनलवर. याने डेप्थ आणखी वाढते, खर्चही वाढतो, तरी मी हेच सांगेन. रेकॉर्डिंगच्या ठिकाणी पोचल्यावर दहा मिनिटांत तयार होणं काय असतं, ते मला यानंतर कळलं.

सल्ला कोणाचा घ्यायचा, यावर माझं मत ठाम आहे. ज्यांनी आयुष्यभर एकाच एसी खोलीत काम केलं, त्यांच्याकडून माइक कुठे ठेवायचा ते शिका, मनापासून शिका. रॅकचं मात्र साउंडवाल्यांच्या पोरांना विचारा, जी सुरेश भट सभागृहात किंवा एखाद्या गावच्या समाजमंदिरात रोज पेट्या चढवतात-उतरवतात. ‘मोठाच घे, पुढे कामी येईल’ हे वाक्य त्यांच्यापैकी कोणी बोलत नाही. यंत्रं आणि यूपीएससकट 12 यूचा रॅक 40 किलोच्या पुढे सहज जातो आणि जिना आला की दोघांच्या कमरेवर येतो. सहा यूचे दोन घ्या. एकात प्रीअँप आणि इंटरफेस, दुसऱ्यात वीज, यूपीएस आणि ड्रॉवर. छोट्या कामाला एकच न्यायचा. 12 यूचा एक फायदा मान्य करायला हवा: चाकांसकट त्याची उंची जवळपास टेबलाएवढी होते, वर लॅपटॉप ठेवून काम करता येतं. पण सहा यूचे दोन एकमेकांवर रचले तरी तेच होतं, फक्त ते एकमेकांत अडकतील असे घ्या.

लकडगंजला लाकूड घेऊन ओळखीच्या सुताराकडून केस बनवून घ्यावी का? घ्या, 9 मिलिमीटरचं चांगलं प्लायवुड आणि कडांना अॅल्युमिनियम असेल तर ती वर्षानुवर्षं टिकते. पण रेल तयारच विकत आणून द्या. सुतार म्हणेल, ‘भाऊ, माप सांगा, भोकं माह्यावर सोडा’. सोडू नका. रॅकची भोकं सारख्या अंतरावर नसतात: 15.9, 15.9 आणि मग 12.7 मिलिमीटर, असा क्रम फिरत राहतो. समान अंतरावर पाडलेल्या भोकांत पहिलं यंत्र बसतं, तिसऱ्याचा स्क्रू लागत नाही. चौकोनी भोकं आणि एम6 केज नट (चौकोनी भोकात बसणारा सुटा नट) असलेली रेल बरी, आटे झिजले तर नट बदलता येतो.

उन्हाबद्दल नागपूरकरांना काय सांगायचं, पण यंत्रांना ते माहीत नसतं. बऱ्याच यंत्रांची मर्यादा 40 अंशांची असते आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच 45 होतात. बंद गाडीत रॅक ठेवून जेवायला जाऊ नका. चालू असताना दोन्ही झाकणं काढा, मागची बाजू भिंतीला चिकटवू नका, जास्त तापणारं यंत्र सगळ्यात वर लावा आणि त्याच्याखाली एक यू जाळीची पट्टी सोडा. पंखा लावायचा मोह होईल, पण तुम्ही त्याच खोलीत भजन रेकॉर्ड करणार असाल तर तो माइकमध्ये येतो. आणि कूलरच्या थेट समोर रॅक नको, तो ओला वारा सॉकेटना चांगला नाही.

रबरावर तरंगणारा शॉक रॅक सुरुवातीला घेऊ नका. त्यातलं रबर ठरावीक वजनासाठी असतं. आत दोनच हलकी यंत्रं असली तर ते दबतच नाही आणि धक्का जसाच्या तसा आत जातो. भरपूर सामान झाल्यावर बघू. चाकं मोठी घ्या, 100 मिलिमीटरची, निदान दोन ब्रेकची. बारीक चाकं मंडपातल्या गालिच्यावर अडतात, मातीवर तर हलतच नाहीत.

एवढं वाचून घाबरायला होत असेल तर थांबा. पहिल्या वर्षी सहा यूचा एक, आतून 45-50 सेंटीमीटर डेप्थचा, पुढे-मागे रेल असलेला साधा रॅक पुरतो. तो जुना मिळाला तरी चालेल. फक्त घ्यायला जाताना आपलं सगळ्यात लांब यंत्र आणि त्याच्या केबल पिशवीत घालून न्या, दुकानातच बसवा, आणि दोन्ही झाकणं लागल्याशिवाय पैसे देऊ नका.