डायल-अप अडखळतंय? लाइनमनला बोलावण्याआधी सीरियल पोर्ट तपासा

विंडोज ९८ च्या संगणकावर फोनच्या लाइनवरून (डायल-अप) इंटरनेट लागतं, पण पान अर्ध्यावर थांबतं, फाइल उतरवताना वेग मध्येच शून्यावर येतो. अशा वेळी बहुतेकजण फोनच्या लाइनला दोष देतात. सीरियल पोर्टाला (संगणकामागचं, एकेक बिट ओळीने नेणारं जोडणीचं तोंड) लावलेला बाहेरचा मोडेम (संगणक फोनच्या लाइनला जोडणारी पेटी) असेल तर ही घाई करू नका. कनेक्शन व्ही.४२ ने (मोडेमांची चुका सुधारण्याची पद्धत) जोडलं गेलं असेल, तर लाइनवरच्या खरखरीने बिघडलेला डेटा दोन्हीकडचे मोडेम आपापसातच पुन्हा पाठवून सुधारून घेतात. खराब लाइनमुळे वेग पडतो, फोन कटतो. पण चुकीचा डेटा संगणकापर्यंत सहसा पोचत नाही. तरीही सीआरसी चुका (संगणकाच्या तपासणीत न जुळलेले डेटाचे तुकडे) वाढत असतील, तर बाइट हरवतायत ते मोडेम आणि संगणक यांच्या मधे.

आधी मोजा. सिस्टिम टूल्समधला सिस्टिम मॉनिटर उघडा (नसेल तर अ‍ॅड/रिमूव्ह प्रोग्रॅम्समधून विंडोजच्या सीडीवरून घाला). डायल-अप अ‍ॅडॉप्टरखालचे तीन आकडे लावा: सीआरसी एरर्स, ओव्हररन एरर्स, बफर ओव्हररन्स. मग एखादी १ एमबीची झिप फाइल उतरवा आणि बघत राहा.

ओव्हररन एरर्स वाढले, तर पोर्टाची चिप भरून वाहतेय. कंट्रोल पॅनेलमधल्या मोडेम्सच्या डायग्नोस्टिक्समध्ये जाऊन आपला कॉम पोर्ट (सीरियल पोर्टाचं विंडोजमधलं नाव) निवडा आणि मोर इन्फो दाबा. यूएआरटी, म्हणजे पोर्टाची चिप, कोणती ते दिसतं. पोर्टाचा वेग सेकंदाला ११५२०० बिट असेल तर (एका बाइटला १० बिट धरून) सेकंदाला ११,५२० बाइट येतात, म्हणजे दर ८७ मायक्रोसेकंदाला एक. जुन्या ८२५० किंवा १६४५० मध्ये एकाच बाइटला जागा असते. प्रोसेसर तेवढ्या वेळात धावून आला नाही की तो बाइट गेलाच. १६५५०ए मध्ये १६ बाइटांचा फिफो (आलेले बाइट रांगेत थांबवण्याची जागा) असतो, पण तोही सेटिंगवर अवलंबून. मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कनेक्शन, मग पोर्ट सेटिंग्ज. फिफोची खूण लावलेली हवी आणि रिसीव्हची पट्टी डावीकडे सरकवा. पट्टी १४ वर असली तर प्रोसेसरला हाक जाते तेव्हा दोनच घरं रिकामी उरतात. ८ वर आणली तर आठ, म्हणजे सुमारे ०.७ मिलिसेकंदांची उसंत. इंटरप्ट (प्रोसेसरला जाणाऱ्या या हाका) थोडे जास्त येतात, पण पेंटियमला ते जड नाही.

जुनी चिप बदलता येत नसेल तर पोर्टाचा वेग ५७६०० वर आणा. झिप आणि जेपेग मोडेमला आणखी दाबता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यात फरक जाणवत नाही. नुसत्या मजकुराची पानं थोडी सावकाश येतील. हार्ड डिस्क खडखडते त्याच क्षणी ओव्हररन येत असतील, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या सेटिंग्जमधली डीएमएची (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवण्याची) खूण लावून बघा (मदरबोर्डाला झेपत नसेल तर काढून टाका).

बफर ओव्हररन्स वाढत असतील तर संगणकाची तात्पुरती साठवण (बफर) भरली तरी मोडेम ‘थांब’ ऐकत नाही. कनेक्शनच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये फ्लो कंट्रोल (‘थांब’ सांगण्याची पद्धत) हार्डवेअर (आरटीएस/सीटीएस, म्हणजे केबलमधल्या वेगळ्या तारांनी) हवा, एक्सऑन/एक्सऑफ (डेटातच घातलेल्या खुणांनी) नको. तो आधीच लावलेला असेल तर केबल बघा. माउसबरोबर मिळणारे ९ ते २५ पिनांचे अ‍ॅडॉप्टर अनेकदा मोजक्याच तारा जोडतात. ९ पिनांच्या बाजूच्या ७ आणि ८ या तारा नसतील तर थांबण्याचा इशारा पोचणारच कसा? सगळ्या पिना सरळ जोडलेली मोडेम केबल घ्या. नल मोडेम केबल (दोन संगणक थेट जोडणारी, तारा उलटसुलट केलेली) इथे चालत नाही.

माउस हलवला की कनेक्शन गोठतं? मग माउस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर असणार. दोघांचा आयआरक्यू (प्रोसेसरला हाक देण्याच्या ओळीचा क्रमांक) साधारणपणे ४ च असतो. मोडेम कॉम २ वर न्या, तिथे आयआरक्यू ३ मिळतो.

एका वेळी एकच बदल करा आणि तीच फाइल पुन्हा उतरवा. तिन्ही आकडे शून्यावर राहूनही फोन कटत असेल, तर मात्र लाइनची तक्रार नोंदवा.