मास्क गळतोय? आधी नाक तपासा

माझ्याकडे स्कूबा डायव्हिंग शिकायला येणारे पाण्याबाहेर डोकं काढतात आणि पहिली तक्रार मास्कची, म्हणजे डोळे आणि नाक झाकणाऱ्या काचेच्या मुखवट्याची, करतात: "पाणी येतंय, दुसरा द्या." मी लगेच दुसरा देत नाही. आधी विचारते, "पाणी श्वास सोडताना येतं की घेताना?" याकडे बहुतेकांनी लक्षच दिलेलं नसतं. मास्क बदलून, पट्टा आवळून, वैतागून झालेलं असतं, पण नाकाची चौकशी कुणी केलेली नसते. नवख्या डायव्हरच्या मास्कमध्ये येणारं पाणी पुष्कळदा नाकामुळेच येतं.

होतं असं. तोंडाने श्वास सोडताना थोडी हवा नाकातूनही निसटते आणि मास्कमध्ये भरते. तिला बाहेर पडायचं असतं, म्हणून ती सिलिकॉनची कड उचलते आणि बुडबुडे होऊन निघून जाते. कड पुन्हा चेहऱ्यावर टेकेपर्यंत त्याच फटीतून पाणी आत शिरतं. दर श्वासाला थोडं थोडं करत ते नाकपुड्यांपर्यंत चढतं. शिवाय नाकातली हवा उबदार आणि ओलसर असते, त्यामुळे काच धुरकटते ती वेगळीच.

हे ओळखायला सोबतचा डायव्हर पुरतो. उथळ पाण्यात त्याला समोर बसवा, एकाच खोलीवर स्थिर राहा आणि शांतपणे श्वास घ्या. रेग्युलेटरच्या (टाकीतली हवा तोंडात देणाऱ्या उपकरणाच्या) बुडबुड्यांबरोबर मास्कच्या कडेतूनही बारीक बुडबुडे सुटत असतील, तर दोष नाकाचा. बुडबुडे नाहीत आणि तरी पाणी येतंय, तर मास्क नीट बसलेला नाही. वर येताना मात्र मास्कमधून बुडबुडे सुटणारच. पाण्याचा दाब कमी होतो तशी आतली हवा फुगते आणि आपोआप बाहेर पडते.

आता नाक बंद ठेवायचं कसं? "नाकाने श्वास घेऊ नका" असं सांगून काही होत नाही. नाकाला स्वतःची झडप नाही, ती घशात आहे. पडजीभ जिथे लोंबते तो टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला गेला की नाकाची वाट बंद होते. हे तुम्ही रोज करता, फक्त जाणवत नाही. आत्ता करून बघा. ‘म्म्म’ असा सूर लांबवा आणि मध्येच नाक चिमटीत धरा: आवाज अडतो. आता ‘आऽऽ’ लांबवा आणि तसंच करा: आवाज जवळपास तसाच राहतो, कारण टाळूने नाकाची वाट आधीच बंद केलेली आहे. घशातली ती ‘आ’ची जागा ओळखा. मग आवाज न काढता त्याच जागेतून ‘हाऽ’ असा श्वास सोडा आणि तसाच आत घ्या. नाकाखाली छोटा आरसा आडवा धरा. श्वास सोडताना त्यावर वाफ धरली, तर हवा अजून नाकातून निसटतेय.

आरसा कोरडा राहायला लागला की तोंडात स्नॉर्केल (श्वासाची नळी) धरून तेच करा. इथे पुष्कळांची गडबड होते, कारण तोंडात काही आलं की ते दातांनी करकचून धरलं जातं आणि घसाही आखडतो. रबराचा तुकडा ओठांनी मिटून धरायचा, दात नुसते टेकवायचे.

पट्टीचे पोहणारे इथे अडखळतात, याचं त्यांना फार नवल वाटतं. पोहताना पाण्यात नाकाने हवा सोडायची सवय वर्षानुवर्षं अंगात मुरलेली असते. त्यांनी या सरावाला थोडा जास्त वेळ द्यावा, मनाला लावून घेऊ नये.

नंतर पाण्यात, मास्कशिवाय. कमरेइतक्या पाण्यात, शेजारी प्रशिक्षक असताना, तोंडात रेग्युलेटर धरून चेहरा बुडवा. पाणी नाकाला लागताच छाती दचकते, श्वास अडकतो. ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे, तुमची भित्री वृत्ती नव्हे. पहिले काही श्वास नाक चिमटीत धरून घ्या, मग बोटं हळूच सैल करा. मान किंचित खाली असू द्या. नाकपुड्या खालच्या बाजूला असल्या की त्यांत थोडी हवा अडकून राहते आणि पाणी वर चढत नाही. वर बघितलंत की तेच पाणी सरळ घशाकडे येतं. प्राथमिक प्रशिक्षणात मास्कशिवाय 1 मिनिट श्वास घ्यायला लावतात. मी मात्र विद्यार्थ्याला कंटाळा येईपर्यंत थांबते. मास्क निघाला म्हणून घाबरून, श्वास रोखून वर झेपावणं जिवावर बेतू शकतं. वर येताना आतली हवा फुगून फुप्फुसं फाटू शकतात.

पण नाक कायमचं बंद ठेवायचं नाही. खाली जाताना ते वापरावंच लागतं. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, मास्कमधली हवा आक्रसते आणि मास्क चेहऱ्याला चोखल्यासारखा चिकटू लागतो. कान मोकळे करताना, म्हणजे कानांतला दाब बाहेरच्या दाबाएवढा करताना, दर वेळी नाकातून एक हलका उच्छ्वास मास्कमध्येही सोडा. विसरलात तर डोळ्यांभोवती काळंनिळं होतं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त उतरतं. दिसायला भयंकर, पण सहसा आपोआप ओसरतं. नजर बिघडली किंवा डोळा दुखत राहिला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. पोहण्याचे गॉगल डायव्हिंगला चालत नाहीत तेही याचसाठी: त्यांत नाक नसतं, म्हणून हवा भरता येत नाही.

पाणी काढायलाही नाकच लागतं. मास्कची वरची कड बोटांनी कपाळावर दाबा, तोंडाने श्वास घ्या, नाकातून सोडायला सुरुवात करा आणि मगच मान थोडी वर करा. हा क्रम सोडू नका. मान आधी वर गेली तर पाणी नाकात जातं. जोर नको, लांब आणि संथ ‘हंऽऽ’ पुरे. नाकापाशी झडप असलेला मास्क असेल तर मान खालीच ठेवा.

बुडबुडे न दिसताही पाणी येत असेल, तर पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडूनही तो चिकटून राहिला पाहिजे. हेच तोंडात रेग्युलेटर धरूनही करा, कारण त्याने गालांचा आकार बदलतो. कडेखाली केस किंवा हुडची (डायव्हिंगच्या टोपीची) किनार अडकलीय का बघा. पट्टा डोक्याच्या मागच्या रुंद भागावर, कानांच्या वर हवा आणि सैलसर हवा. आवळला की कड मुडपते आणि गळती वाढते. मिशी असेल तर नाकाच्या अगदी खालची बारीक पट्टी कापा. मनच होत नसेल तर तिथे सिलिकॉन ग्रीस लावा, पेट्रोलियम जेली नको, तिने मास्क खराब होतो. आणि मासा दिसला की हसू येतंच. गालांना वळ्या पडतात, थोडं पाणी शिरतं. हसा, मग काढून टाका.

नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. तो टूथपेस्टने आतून नीट घासून काढा, नाहीतर काच धुरकटत राहील.

सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात उतरू नका. नाक मोकळं करणारं औषध घेऊन तर नाहीच. खाली असताना त्याचा असर उतरला, तर वर येताना कानातली आणि सायनसमधली हवा कोंडते, आणि तेव्हा नाक कितीही शिंकरलं तरी उपयोग होत नाही.